होता होता राहिलेली सासू

उन्हाळा आला की लोकांना आंबे आठवतात, मोगरा आठवतो, मामाचं गाव आठवतं. आठवू द्या बापड्यांना. मला एक बाई आठवते, आणि इतक्या वर्षांनंतरही दातओठ खावेसे वाटतात.

यंदाही तेच झालं. आखाजी, म्हणजे तुमची अक्षय्य तृतीया, नुकतीच सरली होती. जळगावचं ऊन तुम्हाला काय सांगायचं! सकाळीच गच्चीची फरशी पायाला चटके देते आणि दुपारी कुलरमधूनसुद्धा वाफच येते. पापड वाळत घालायला वर गेले, तर शेजारच्या गच्चीवर टाकीच्या सावलीत एक पोरगी पुस्तक छातीशी धरून येरझाऱ्या घालत होती. शेजारी नर्सिंगच्या मुली भाड्यानं राहतात. डोळे मिटून तिचं चाललं होतं, ‘पेशंटला समजावून सांगणे, पडदे लावणे, पाणी तपासणे, डोळे आतून बाहेर पुसणे...’ माझा हात पापडासकट थबकला. साडीचे युनिफॉर्म गेले, काचेच्या सिरिंजी गेल्या, त्या उकळायचा स्टोव्ह गेला, पण डोळा अजून आतून बाहेरच पुसायचा. बरं वाटलं.

“काकू, माझ्या आवाजाचा त्रास होतोय का?” तिनं विचारलं.

“छे गं. मोठ्यानं म्हण. आणि कोणावर तरी राग धर. रागानं पाठांतर चांगलं होतं.”

ती हसली. म्हातारीला गंमत सुचलीय असं वाटलं असेल तिला. मी अजिबात गंमत करत नव्हते. माझी अख्खी फायनल मी रागावर काढली आहे.

मी भडगावकडची. गिरणेच्या काठी आमचं गाव, आबांची चार बिघे केळी आणि बाकी कपाशी. दहावीला बरे मार्क पडले म्हणून मास्तरांनी आबांना पटवलं आणि मी जळगावला नर्सिंगला आले. तिसऱ्या वर्षाला होते तेव्हा आबांनी माझं जमवलं. मंडळी धुळ्याची, मूळची सोनगीरकडची. मुलगा सरकारी कचेरीत चिकटलेला, एकुलता एक. हिवाळ्याचे दिवस होते, कपाशी घरात आली होती, दारात छोटा मांडव घातला होता. साखरपुडा म्हणजे काय, पाट मांडलेला, साडी ताटात, पेढे आणि साखरेचे पुडे, पाहुण्यांच्या कपाळाला गंध. मी पाटावर बसायला निघाले होते. एवढ्यात मुलाच्या आईनं, त्यांना सगळे गोदाअक्का म्हणत, मला मध्येच थांबवलं.

“वं पोरी, तू तठे दवाखानामा काय काम करस?”

मी सांगितलं. इंजेक्शन, ड्रेसिंग, औषधं.

“गडी मानसेसनं आंग पुसस का?”

आता खोटं बोलायचं डोकं त्या वयात कुठलं असायला! “पेशंट असला तर पुसावंच लागतं,” मी म्हटलं.

गोदाअक्का सावकाश उठल्या, पदर सारखा केला आणि माझ्याकडे नाही, आबांकडे बघून म्हणाल्या, “परका मानसेसले पुसस ती. तिना हातनं आमना घरमा कोन खाई?” आणि चपला घालून चालू लागल्या. त्यांची मंडळी त्यांच्या मागे. मुलगा? तो घड्याळात बघत होता. एवढंच त्याचं मला आठवतं, मनगट आणि घड्याळ.

हे सगळं मी कदाचित पचवलं असतं. मुलगा गेला, गेला. एका घड्याळवाल्यावाचून माझं काही अडलं नव्हतं. पण आबा त्यांच्या जीपमागे धावले. आमचे आबा, ज्यांच्यासमोर गावात मोठ्यानं बोलायची कोणाची छाती नव्हती, ते टोपी हातात घेऊन, ‘अक्का, आयकी ते ल्या, अक्का’ म्हणत पार मारुतीच्या पारापर्यंत धावले. जीप थांबली नाही. पारावर बसलेली माणसं बघत होती. आबा धुळीत उभे राहिले आणि मग परत आले, आणि परत येताना त्यांनी टोपी डोक्यावर घातलीच नाही. ते मी ओट्यावरून पाहिलं. माझ्या पोटात जी आग पडली ती तिथं पडली.

आईचं त्यानंतर एकच, “माय वं, आते काय व्हई हिनं?” मी होस्टेलला परत निघाले तेव्हा आबा एस.टी.च्या खिडकीशी उभे राहून म्हणाले, “पास व्हयनी ते नोकरी कर, मी काही बोलावं नही. नापास व्हयनी ते घर ये. मंग मी दाखाडसू त्यानाशी लगीन.” कोणाला दाखवणार होते तेही मला माहीत होतं. शेजारच्या गावचे एक बिजवर, माझ्यापेक्षा थोडीच लहान मुलगी पदरात असलेले. दोनदा घरी चहा पिऊन गेले होते, आणि माझ्याकडे बाजारातली गाय बघावी तसं बघून गेले होते.

म्हणजे परीक्षेवर काय टांगलेलं होतं ते सांगते. पास झाले तर मी सिस्टर, पांढरी साडी, माझा पगार, माझी खोली. नापास झाले तर गोदाअक्कांचंच खरं. दवाखान्यातही नाही चालली आणि घरातही नाही, आणि वर बिजवर. आणि पास होणं हातात होतं तरी किती? लेखी पेपरांची मला भीती नव्हती. भीती प्रॅक्टिकलची. तिथं बाहेरगावची परीक्षक बाई समोर उभी राहते आणि तुम्ही जित्याजागत्या माणसावर हात चालवायचा. एक चादर चुकली, एक वाटी उलटी पडली की संपलं.

होळीच्या आधी कळलं, घड्याळवाल्याचं लगीन लागलं. अमळनेरकडची मुलगी, घरात बसून असलेली, शिलाई येत असलेली. ज्या मैत्रिणीनं ही बातमी आणली तिच्यावरच मी वैतागले. मग सरळ डेमॉन्स्ट्रेशन रूममध्ये गेले.

ही खोली आमच्या नर्सिंगच्या शाळेच्या मागच्या बाजूला, वर पत्रे. उन्हाळ्यात आत भट्टीच. पलंगावर एक रबरी बाहुली निजलेली असायची, माणसाएवढी, नाकाचा शेंडा उडालेला. वर्षानुवर्षं मुली तिला अंघोळ घालत, कूस बदलत, बँडेज बांधत आल्या होत्या. प्रत्येक बॅच तिला नवं नाव ठेवायची. आमच्या बॅचनं काहीतरी छानसं ठेवलं होतं. मी ते बदललं. त्या दिवसापासून ती गोदाअक्का.

काय सांगू तुम्हाला, कसला अभ्यास झाला! मॅकिन्टॉश, म्हणजे चादरीखालचं रबरी कापड, अंथरताना मी म्हणायची, ‘अक्का, जरा कुशीवर व्हा.’ चादरीचे कोपरे असे करकचून खोचायची की वरून नाणं टाकलं तर उडालं पाहिजे. तोंड पुसताना म्हणायची, ‘बोला ना आता, बोला.’ बाहुली गप्प. बाहुलीचं ते गप्प राहणं मला फार आवडायचं. इंजेक्शनचा सराव आम्ही कच्च्या केळांवर करायचो. जळगावात दुसरं काय मिळणार? पुण्या-मुंबईकडे म्हणे संत्र्यावर करतात. माझी रूममेट सुमन, पहूरची, एकदा माझं केळ हातात घेऊन म्हणाली, “सिंधे, अगं या केळाचा काय गुन्हा? चाळण केलीस त्याची.”

“केळाचा नाही गुन्हा.”

“मग कोणाचा आहे ते माहीत आहे सगळ्या होस्टेलला,” ती म्हणाली. “पण एक सांग, ती बाई कधी तुझ्या समोर येणार आहे का? ती धुळ्यात मजेत बसलीय सुनेच्या हातचं खात. तू इथं पत्र्याखाली करपतेस.”

सुमनचं खरं होतं, आणि मला ते अजिबात ऐकायचं नव्हतं. राग धरणाऱ्या माणसाला शहाणपण सांगणाऱ्यांचा राग येतो. आजही कोणी टीव्हीवर डोळे मिटून क्षमेचं सांगायला लागलं की मी चॅनल बदलते. क्षमा करून मला काय मिळालं असतं? सकाळी उठून आळस आला असता. रागानं मला पहाटे उठवलं, बेड बाथचे, म्हणजे पलंगावरच्या अंघोळीचे, सगळे टप्पे उलटेसुलटे पाठ करून घेतले, हातातला कंप घालवला. हात थरथरायचा पूर्वी माझा. गोदाअक्कांनी तो थांबवला, म्हणा.

आखाजी आली. आमच्या खान्देशात आखाजी म्हणजे लेकीबाळींचा सण. सासुरवाशिणी माहेरी येतात, झाडांना झोके बांधतात, खापरावरची पुरणपोळी आणि आमरस. पुरुषांना त्या दिवशी पत्ते खेळायची मोकळीक. आणि आमच्या गावाकडे बायांना शिव्यांची. होय, शिव्यांची. नाल्याच्या या काठावर एक आळी, त्या काठावर दुसरी, आणि मधल्या हवेत नुसत्या शिव्या. त्याला बार खेळणं म्हणतात. सासूचं, जावेचं, नवऱ्याचं जे काही वर्षभर गिळलेलं असतं ते पलीकडच्या काठावर ओतून मोकळं व्हायचं, आणि घरी जाऊन पोळी खायची. त्या दिवशीची शिवी कोणी मनाला लावून घेत नाही. लहानपणी मी आईला बार खेळताना पाहिलं होतं. एरवी आबांसमोर डोक्यावरचा पदर ढळू न देणारी आई, कमरेवर हात ठेवून असं काही बोलली की मी तोंडच लपवलं. संध्याकाळी मात्र तिचा चेहरा धुतल्यासारखा स्वच्छ दिसत होता.

त्या वर्षी परीक्षेमुळे आम्हाला आखाजीची सुट्टी नव्हती. सगळ्या मुली रडवेल्या होऊन बसल्या होत्या. मी डेमॉन्स्ट्रेशन रूममध्ये गेले, दार लावलं, पदर खोचला आणि त्या रबरी बाईसमोर उभी राहून एकटीनं बार खेळले. काय काय म्हटलं ते लिहिण्यासारखं नाही. सौम्यातलं सौम्य म्हणजे, “तुना झोका तुटो! तुनं तंगडं मोडो!” सुमन दाराबाहेर उभी राहून ऐकत होती. आत आली ती पोट धरून. म्हणाली, “बाई गं, इतक्या शिव्या तर आमच्या अख्ख्या पहुरातही नसतील.” त्या दिवशी मेसमध्ये आमरस नव्हता, वांग्याची भाजी होती, पण मी चांगली पोटभर जेवले.

आमची प्रॅक्टिकल धुळ्याला असायची. शाळा लहान, म्हणून परीक्षेला मोठ्या दवाखान्यात जायचं. पेट्या घेऊन एस.टी.नं निघालो; एरंडोल, पारोळा, आणि दोन्ही बाजूंना उन्हानं पांढरी पडलेली रानं. खिडकीचा दांडा हाताला भाजत होता. परीक्षेच्या काही दिवस आधी जायचं, त्याचं कारण होतं, आणि ते कुठल्याही पुस्तकात नव्हतं. पेशंटला लाडीगोडी लावायची. परीक्षेच्या सकाळी चिठ्ठी निघणार, चिठ्ठीत पलंगाचा नंबर, आणि त्या पलंगावर जे माणूस असेल त्याच्या हातात आपलं नशीब. कारण शेवटी परीक्षक पेशंटलाच विचारतात, “त्रास झाला का?” मागच्या बॅचच्या एका मुलीच्या पेशंटनं ‘माझी मान मोडली हिनं’ म्हणून सांगितलं, आणि ती बिचारी नापास झाली. म्हणून आम्ही सगळ्या वॉर्डांतून फिरायचो, म्हाताऱ्यांना तेल लावून द्यायचो, वेण्या घालायचो, कोणाच्या नातवाचं कौतुक ऐकायचो. पेशंटही पक्के. एक आजी माझ्याकडून रोज डोकं चोळून घ्यायची आणि वर म्हणायची, “मना नंबर निघना ना, तुले पैला नंबर देसू.”

हाडांच्या वॉर्डात मात्र मी गेले नाही. तो सुमनच्या वाट्याला आला होता. संध्याकाळी ती हसत आली. “अगं, एक बाई आलीय सोनगीरकडची. या वयात आखाजीच्या झोक्यावर बसली! गावच्या लेकीबाळींना दाखवायला गेली की आम्ही कसे उंच झोके घ्यायचो, आणि फांदी मोडली. मांडीचं हाड गेलं, उजवा हातही प्लॅस्टरमध्ये. आणि सून कुठं? सून पहिल्या आखाजीला माहेरी गेली ती यायलाच तयार नाही.” आम्ही दोघी पलंगावर लोळून हसलो. बाईचं नाव विचारायचं सुमनला सुचलं नाही, आणि मलाही नाही. सोनगीरकडच्या बायका काय थोड्या असतात?

परीक्षेच्या सकाळी चिठ्ठी उघडली. हाडांचा वॉर्ड, खिडकीजवळचा पलंग. काम: पलंगावर अंघोळ, पेशंट वर असतानाच चादर बदलणे, जेवू घालणे.

ट्रॉली ढकलत मी दारातून आत गेले आणि तिथंच थांबले. खिडकीजवळ गोदाअक्का होत्या. एका पायाला पट्ट्या लावून दोरीनं वजन टांगलेलं, उजवा हात कोपरापर्यंत पांढरा, केस विस्कटलेले, कपाळाला कुंकू नाही की काही नाही. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, मग छताकडे पाहिलं, मग डोळे मिटले. दुखत असेल, मला वाटलं.

मी सायन्स शिकलेली मुलगी. शिव्यांनी फांदी मोडत नाही हे मला कळतं. पण खोटं कशाला बोलू, त्या क्षणी मला वाटलं, मीच मोडली. आणि मला इतका आनंद झाला, इतका!

परीक्षक बाई नाशिककडच्या होत्या, उंच, चष्म्याला दोरी लावलेली. त्यांनी माझा चेहरा बघितला. “काय गं, ओळखीच्या आहेत का? नात्यातलं किंवा ओळखीचं माणूस चालत नाही परीक्षेला. तसं असेल तर दुसरी चिठ्ठी देते.”

“नाही बाई,” मी म्हटलं. एका झटक्यात म्हटलं. सगळा उन्हाळा मी जिच्यासाठी करपले ती हातात आलेली, आणि मी दुसरी चिठ्ठी घेऊ?

परीक्षक बाई पलंगाकडे वळल्या. “आजी, तुम्ही ओळखता का हिला?”

गोदाअक्कांनी डोळे उघडले, मला खालून वर पाहिलं. “नही वं. कोन शे हाई?”

तळपायाची आग मस्तकात गेली. ओळखलं नाही! जिच्या बापाला तुम्ही धुळीत उभं केलं तिचा चेहरासुद्धा लक्षात ठेवायची गरज वाटली नाही तुम्हाला? मी रोज तुमचं नाव घेऊन उठायचे, आणि माझं नाव तुमच्या गावी नाही! पण परीक्षा सुरू झाली होती. मी पडदे ओढले.

मग मी जी अंघोळ घातली, तशी आयुष्यात परत कोणाला घातली नाही. पाणी कोपरानं तपासलं. डोळे आतून बाहेर पुसले, प्रत्येक डोळ्याला वेगळा बोळा. कपाळ, गाल, कानामागे, मानेची वळी. जेवढं अंग पुसायचं तेवढंच उघडं, बाकी सगळं झाकलेलं. हात पुसायचा तो बोटांकडून खांद्याकडे. पाणी गढूळ झालं की बदललं. पाठीला हात घातला तेव्हा मणके हाताला लागले. मांडवात उभी असलेली ती धिप्पाड बाई आतून एवढीशी होती. ती वजनाची दोरी माझ्या गुडघ्यापासून वीतभर लांब होती. नुसता धक्का लागला असता तर बाई किंचाळली असती. ते माझ्या मनात आलं. आलं आणि राहिलं, मी घालवलं नाही. पण धक्का लागू दिला नाही, कारण धक्क्याचे मार्क कापतात. यात माझा काही मोठेपणा नाही.

असा पेशंट असला की चादर बाजूनं बदलत नाहीत, डोक्याकडून पायाकडे बदलतात, म्हणजे टांगलेला पाय हलत नाही. नेहमीच्या सवयीनं मुली इथं चुकतात. मी चुकले नाही. रबरी गोदाअक्कांचे पाय मी किती वेळा बांधून हे केलं होतं! परीक्षक बाई जवळ आल्या, कोपरे बघितले, लिहिलं.

मग जेवण. वरणभात होता. हनुवटीखाली टॉवेल लावला, उशी थोडी उंच केली, चमचा भरला आणि पुढे केला. अक्कांनी चमच्याकडे पाहिलं, माझ्या हाताकडे पाहिलं. एक क्षण मला वाटलं, नाही उघडणार तोंड. मग त्यांनी तोंड उघडलं. मी घास भरवला. दुसरा भरवला. प्रत्येक घासाला माझ्या मनात मांडव होता, साखरेचे पुडे होते, पारापर्यंत धावलेले आबा होते. खा, म्हटलं मनात, खा माझ्या हातचं. शेवटच्या घासापर्यंत खाल्लं त्यांनी. भाताचं एक शीत ओठाला राहिलं होतं, ते मी पुसलं.

“आजी, काही त्रास झाला का?” परीक्षक बाईंनी विचारलं.

“काहीच नही,” गोदाअक्का म्हणाल्या.

परीक्षक बाईंनी कागदावर सही केली. “चांगलं काम,” त्या पुटपुटल्या आणि पुढच्या पलंगाकडे गेल्या. मी पास झाले होते. आबांचा बिजवर गेला उडत.

तुम्ही म्हणाल, इथं थांबायचं होतं. मला घरचेही तेच म्हणतात. माझ्या नवऱ्याला, चांगला माणूस, मास्तर, लग्नानंतर हे सांगितलं तर तो म्हणाला, “अगं झालं ना? नाकावर टिच्चून पास झालीस, त्या बाईला जेवू घातलंस, आणखी काय पाहिजे?” त्याला काय सांगणार? सूड घ्यायचा तर ज्याच्यावर घ्यायचा त्याला कळायला नको का? कोणीतरी नर्स आली, पुसून गेली, एवढंच जर तिच्या लक्षात राहणार असेल, तर मी काय साधलं? मला तिचं तोंड बघायचं होतं. माझं नाव ऐकल्यावर ते कसं पडतं ते बघायचं होतं. सगळा उन्हाळा मी एक वाक्य घोटून ठेवलं होतं, बाहुलीसमोर म्हणून म्हणून गुळगुळीत केलेलं.

बेसिन उचलायला मी परत पडद्याआड गेले. आता कोणी परीक्षा घेत नव्हतं. मी पलंगाच्या पायथ्याशी सरळ उभी राहिले.

“अक्का, मी कोण ते सांगू?”

“काय सांगस,” गोदाअक्का म्हणाल्या. डोळे माझ्यावर रोखलेले, अगदी मांडवातले. “तू सिंधू. भडगावकडनी. तुले दारमाच वळखं व्हतं मी.”

“मग बाईंनी विचारलं तेव्हा नाही का म्हणालात?”

“हो म्हणती ते तुनी चिठ्ठी बदली जाती.”

“जाऊ दे की! तुम्हाला काय त्याचं?”

“माले दखनं व्हतं,” त्या म्हणाल्या. “तू कशी पुसस ते.”

पडद्यापलीकडे ट्रॉलीची चाकं वाजली. कोणीतरी पाणी मागत होतं. अक्कांनी डाव्या हातानं पांघरूण छातीपर्यंत ओढलं. माफी नाही, डोळ्यांत पाणी नाही, आवाजात मऊपणा तर शोधूनही सापडला नसता.

“दखं,” त्या म्हणाल्या. “चांगलं पुसस. जाय आते.”

माझं घोटलेलं वाक्य तोंडातच राहिलं. ते कोणाला म्हणणार? ती बाई सगळा वेळ मला ओळखून होती. मी तिचे डोळे पुसत होते तेव्हा ती मला बघत होती, मी घास भरवत होते तेव्हा ती ओळखून घास घेत होती. ‘त्रास झाला’ एवढं म्हणायचा अवकाश होता, आणि मी गेले असते. तिनं म्हटलं नाही. एकदा मांडवात नापास केलं, एकदा पलंगावर पडून पास केलं. दोन्ही वेळा मला विचारलं नाही. मी तिची परीक्षा घ्यायला गेले होते, आणि ही बाई हाड मोडून निजलेली असतानाही माझीच परीक्षा घेऊन मोकळी झाली!

बेसिन घेऊन मी घाण पाणी ओतायच्या खोलीत गेले आणि भिंतीला टेकून हुंदके देऊन रडले. सुमन माझ्यामागून धावत आली.

“सिंधे! काय गं? नापास केलं का?”

“पास केलं.”

“अगं मग रडतेस कशाला, वेडी?”

“तिनं पास केलं मला, सुमे. तिनं!”

सुमननं माझ्या हातातलं बेसिन काढून घेतलं आणि मला नळाशी नेलं. मे महिन्याचं धुळ्याचं पाणी, तोटीतूनच कढत येत होतं. मी ते तसंच तोंडावर मारत राहिले.